दोन पाती, एक रस्ता



साहित्य सभेच्या व्याख्यानमालेत पोलिसांवरील देखरेखीचा विषय घेतल्याबद्दल मला आधीच दोघा-तिघांनी टोकले आहे. एका ज्येष्ठ भगिनींनी तर फोन करून विचारले, ‘अहो, यंदा कवितेवर बोलायला कुणी मिळालं नाही का?’ विषय रुक्ष आहे, हे मला मान्य आहे. पण आपली घराणी पवारांच्या मागोमाग या माळव्यात आली आणि पिढ्यान्‌पिढ्या त्यांनी मुख्यतः जे काम केले, ते कवितेचे नव्हते. ते कागदाचे होते. कुणी कमाविसदार, कुणी फडणीस, कुणी चिटणीस, कुणी नुसता दफ्तरातला कारकून. कागद कोणी लिहावा, त्यावर तारीख केव्हा पडावी आणि तो कोणाच्या हाती मुळीच जाऊ नये, हे आपल्या घरांतून वेगळे शिकवावे लागत नसे. माझा आजचा विषय अशाच एका कागदाचा आहे. पोलिसांविरुद्ध केलेल्या तक्रारीच्या कागदाचा.

आधी एक अनुभव सांगतो. गावाचे आणि ठाण्याचे नाव सांगणार नाही. मी वकिलीत नवा होतो. धार जिल्ह्यातला एक मजूर कामासाठी दुसऱ्या जिल्ह्यात गेला होता. तिथल्या एका चौकीत त्याला रात्रभर बसवून ठेवले आणि मारले. सकाळी सोडून दिले. कागदावर काहीच नव्हते. तो परत आला आणि आपल्या जिल्ह्यात अर्ज दिला. घटना इथली नाही म्हणून अर्ज तिकडच्या पोलीस अधीक्षकांकडे गेला. अधीक्षकांकडून उपविभागात गेला, उपविभागातून ‘जांच करून अहवाल द्यावा’ असा शेरा मारून खाली उतरला आणि फिरत फिरत ज्या ठाण्याखाली ती चौकी होती, त्याच ठाण्यात येऊन पोहोचला. बयान देण्यासाठी त्या मजुराला बोलावणे आले ते त्याच खोलीत. तो जाऊन आला. पुढे नक्कल मिळाली तेव्हा तीत तीन ओळी होत्या: अर्जदार संतुष्ट आहे, पुढे कारवाई नको, प्रकरण नस्तीबद्ध. खाली अंगठा.

‘नस्तीबद्ध’ हा आपल्या इकडचा सरकारी शब्द आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. फाइल बांधून फडताळात ठेवणे. त्या मजुराला मी विचारले, ‘अंगठा का दिलास?’ तो म्हणाला, ‘साहेब, घरी यायचं होतं.’

त्या साखळीतल्या एकाही अधिकाऱ्याने नियम मोडला नव्हता, ही गोष्ट आपण ध्यानात घ्यावी अशी माझी विनंती आहे. प्रत्येकाने कागद पुढे पाठवला. कागद ज्या वाटेने जातो ती वाटच चुकीची होती. म्हणून आज मी चांगल्या-वाईट पोलिसांबद्दल बोलणार नाही. वाटेबद्दल बोलणार आहे.

आता देवासकडे येतो. इथल्या श्रोत्यांना थोरली पाती आणि धाकटी पाती समजावून सांगायची गरज नाही. पण हे भाषण छापून इंदूर-पुण्याकडेही जाईल, म्हणून चार वाक्ये. 1728 मध्ये बाजीराव पेशव्यांबरोबर माळव्यात आलेले तुकोजी आणि जिवाजी हे दोघे पवार बंधू देवासच्या दोन्ही गाद्यांचे मूळ पुरुष. गाव एक, गाद्या दोन. 1818 मध्ये इंग्रजांनी दोन्ही गाद्यांशी मिळून एकच तह केला आणि दोघांनी एकाच कारभाऱ्यामार्फत कारभार पाहावा असे त्यात ठरले. कल्पना उत्तम होती. ती टिकली नाही. 1841 पासून दोन्ही पाती आपापला अंमल वेगळा चालवू लागल्या. पुढे तर गावच्या मुख्य रस्त्याच्या दोन बाजू दोन राज्यांत, दिव्यांची सोय वेगळी आणि पाण्याची सोयही वेगळी, अशी परिस्थिती झाली. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर 1921 मध्ये थोरल्या पातीच्या तिसऱ्या तुकोजीरावांकडे काही महिने चिटणीस होते. ‘द हिल ऑफ देवी’ या 1953 च्या पुस्तकात त्यांनी इथून घरी लिहिलेली पत्रे छापली आहेत. वाचणाऱ्याला या जोडराज्याची मौज वाटते. परक्याला ती वाटायचीच. दिवाबत्तीपुरती ती मलाही वाटते.

पण त्या रस्त्यावर एखाद्या तेल्याच्या किंवा विणकराच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. डाव्या बाजूच्या शिपायाने तुम्हाला उजव्या बाजूला येऊन मारले, तर गाऱ्हाणे कोणाच्या चावडीवर न्यायचे? त्या तेल्याला दोन सरकारे होती. त्याला हवा होता तो एक दरवाजा. ‘पाती’ म्हणजे वाटा. वाटे पाडताना आपण महसूल, जमीन, मानपान सगळे मोजतो. गाऱ्हाण्याचा वाटा कोणाकडे गेला, हे मोजायचे राहून जाते.

1948 मध्ये दोन्ही पाती मध्य भारतात विलीन झाल्या आणि 1956 पासून आपण मध्य प्रदेशात आहोत. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आता एकच जिल्हा आहे. तरीही पोलिसांविरुद्ध तक्रार करायला निघालेल्या माणसापुढे आज किती दरवाजे आहेत ते पाहा. पोलीस अधीक्षक. दंडाधिकारी. 181 ची मुख्यमंत्री हेल्पलाइन. भोपाळचा मानवाधिकार आयोग, दिल्लीचा राष्ट्रीय आयोग. बाई असेल तर महिला आयोग, आदिवासी असेल तर अनुसूचित जनजाती आयोग, पैसे मागितले असतील तर लोकायुक्त. प्रत्येक ठिकाणी नमुना वेगळा, क्रमांक वेगळा. आणि यांपैकी बहुतेक दरवाज्यांमागे तपासाला स्वतःचा माणूस नसल्याने किंवा अपुरा असल्याने अर्ज शेवटी पुन्हा अधीक्षक कार्यालयाकडेच ‘प्रतिवेदन’ मागायला येतो. पूर्वी दोन पाती होत्या. आता आठ-दहा आहेत.

आपल्या पोलिसांच्या बोलीत ‘निगराणी’ हा शब्द बदमाशांसाठी राखीव आहे. ‘निगराणी बदमाश’ अशी यादीच असते. निगराणी करणाऱ्यावर निगराणी कोणाची, याला आपल्याकडे फार काळ शब्दच नव्हता. पेशवाईत हा प्रश्न एकदा ज्या रीतीने सुटला ती रीत मराठी माणसाला नाटकामुळे ठाऊक आहे. घाशीराम कोतवालाने कोंडून ठेवलेले ब्राह्मण गुदमरून मेले आणि 1791 मध्ये पुण्याच्या जमावाने त्याला दगडांनी ठेचून मारले. 1972 मध्ये तेंडुलकरांचे नाटक आले तेव्हा आपल्यात केवढा वाद झाला, तो नानांच्या चारित्र्यावरून! मला त्या प्रकरणात कोठडीची खोली आणि ती कोंडल्यापासून दार उघडेपर्यंतचे तास आठवतात. त्या तासांत दार ठोठावून आत पाहण्याचा अधिकार कोणाला तरी असता, तर आतली माणसे वाचली असती आणि बाहेर जमाव जमला नसता.

कायद्याचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण तो लांब आहे आणि त्यात फारसे घडत नाही. देशाचा पोलीस कायदा 1861 चा, म्हणजे सत्तावन्नच्या उठावानंतर इंग्रजांनी स्वतःच्या सोयीसाठी केलेला. मध्य प्रदेशात मूळ कायदा म्हणून आजही तोच आहे. 1977 मध्ये राष्ट्रीय पोलीस आयोग नेमला गेला, 1981 पर्यंत त्याने आठ अहवाल दिले आणि ते पडून राहिले. 1996 मध्ये प्रकाश सिंह या निवृत्त पोलीस महासंचालकांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. अर्जदार स्वतः पोलीस होता, हे मला नेहमी महत्त्वाचे वाटते. 22 सप्टेंबर 2006 रोजी निकाल लागला. त्यातल्या सात आदेशांपैकी एक असा की राज्यात आणि प्रत्येक जिल्ह्यात पोलीस तक्रार प्राधिकरण असावे. जिल्ह्याचे प्राधिकरण उपअधीक्षकांपर्यंतच्या पोलिसांविरुद्धच्या तक्रारी पाहील, अध्यक्षस्थानी निवृत्त जिल्हा न्यायाधीश असतील, आणि त्यांचे नाव उच्च न्यायालयाकडून आलेल्या यादीतून निवडले जाईल. राज्याचे प्राधिकरण अधीक्षक आणि वरच्या अधिकाऱ्यांविरुद्धच्या गंभीर तक्रारी पाहील. शिफारस संबंधित अधिकाऱ्यावर बंधनकारक असेल.

पुढे बऱ्याच राज्यांनी यातले जमेल ते घेतले. कुठे न्यायाधीशांच्या खुर्चीवर सेवेतला अधिकारी किंवा राजकारणी बसवला, कुठे फलक लागला आणि कर्मचारी आले नाहीत. गोव्याने संपूर्ण राज्याला एकच प्राधिकरण ठेवले; राज्य लहान आहे, ते समजण्यासारखे आहे. महाराष्ट्राने 2014 मध्ये कायदा दुरुस्त करून राज्यपातळीवर एक आणि खाली जिल्ह्याऐवजी महसुली विभागाला एक अशी रचना केली. न्यायालयाने सांगितले होते जिल्हा. विभाग म्हणजे दार लांब गेले, अशी टीका झाली. टीका रास्त आहे. तरीही त्या रचनेत एक व्यवहार दडलेला आहे, आणि मी आपल्यापुढे जी कल्पना मांडणार आहे ती तिथूनच सुरू होते.

धार घ्या, देवास घ्या. प्रत्येक जिल्ह्याला पूर्णवेळ न्यायाधीश, सदस्य, चार-पाच तपासनीस, वैद्यकीय सल्लागार, कॅमेऱ्याचे चित्रण वाचता येणारा माणूस असे वेगवेगळे कार्यालय मिळेल, असे मानणे भाबडेपणाचे आहे. मिळालेच तर काय मिळेल हे आपण सगळे जाणतो: कलेक्टोरेटच्या मागच्या वऱ्हांड्यात एक खोली, एक बाबू, आणि तपासाला पुन्हा अधीक्षकांनी दिलेला फौजदार. म्हणजे नस्तीबद्धची नवी पाटी.

म्हणून प्रश्न असा विचारायला हवा की काय सामायिक ठेवायचे आणि काय वेगळे. देवासच्या दोन्ही पातींनी दिवे आणि पाणी वेगळे ठेवले. तेच खरे तर सामायिक ठेवण्याजोगे होते.

माझ्या मते तपासनीस सामायिक असावेत. धार आणि देवास या दोघांच्या मध्ये इंदूर आहे. दोन्ही जिल्हे उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाखाली येतात. तिथे एक तपास पथक असावे. 2006 च्या निकालाने गुन्हे अन्वेषण, दक्षता अशा खात्यांतले निवृत्त तपासनीस घेण्याची मुभा दिलेलीच आहे. एकच अट: ज्या जिल्ह्यातली तक्रार, त्या जिल्ह्यात कधीही नोकरी न केलेला माणूस तिचा तपास करील. ही अट एकट्या जिल्ह्याला पाळता येत नाही. दोन-चार जिल्हे एकत्र आले की सहज पाळता येते. ज्या वाटेने त्या मजुराचा कागद ठाण्यात परत गेला, ती वाट बंद करायला याहून साधा उपाय मला सुचत नाही.

दुसरी सामायिक गोष्ट म्हणजे नोंदवही आणि पोच. अर्ज कोणत्याही दरवाज्यावर द्या, अधीक्षकांकडे, आयोगाकडे किंवा तहसिलीत. क्रमांक एकाच नोंदवहीतला पडेल आणि पोच तिथल्या तिथे हातात मिळेल. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेने गुन्ह्याची खबर हद्द न पाहता कोणत्याही ठाण्यात देण्याची सोय केली आहे. चोरीच्या खबरेला हद्द आड येत नसेल, तर पोलिसाविरुद्धच्या गाऱ्हाण्याला ती का यावी?

तिसरी गोष्ट घड्याळाची, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे. मारहाणीच्या तक्रारीत पुरावा तासागणिक नाहीसा होतो. अंगावरचे वळ आठवड्यात मावळतात. डिसेंबर 2020 मध्ये परमवीर सिंह सैनी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात प्रवेशद्वार, कोठडी, वऱ्हांडा अशा सगळ्या जागी कॅमेरे लावण्याचा आणि चित्रण अठरा महिने, ते शक्य नसेल तर निदान एक वर्ष, जपून ठेवण्याचा आदेश दिला. त्याच निकालाने जिल्हा देखरेख समिती सांगितली: विभागीय आयुक्त, जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक आणि महापौर किंवा जिल्हा पंचायतीचे प्रमुख. पण समिती महिन्या-दोन महिन्यांनी बसते आणि कॅमेरा नेमका त्या रात्री ‘बंद’ असतो. तेव्हा कामाची घडी अशी हवी की अर्जाला क्रमांक पडताच, त्याच दिवशी, एक छापील हुकूम ठाण्यात जाईल: अमुक तारखेचे चित्रण, रोजनामच्याची पाने, कोठडीची नोंदवही जपून ठेवा आणि ठेवल्याचे लिहून द्या. दुसरा कागद सरकारी दवाखान्यात जाईल. तक्रार खरी की खोटी हे नंतर ठरेल. कॅमेरा बंद होता असे उत्तर आले, तर तो केव्हापासून बंद होता आणि दुरुस्तीचे पत्र कोणत्या तारखेला लिहिले, हे विचारले जाईल. कोठडीतल्या मृत्यूची खबर चोवीस तासांत राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाला द्यावी, हा दंडक 1993 पासून आहे आणि न्यायदंडाधिकाऱ्याची चौकशी कायद्यानेच सांगितली आहे. मृत्यूला घड्याळ लावले आहे. मारहाणीला लावलेले नाही.

वेगळे काय ठेवायचे? बसण्याची जागा आणि भाषा. कुक्षी-मनावरच्या माणसाने इंदूरला यावे, किंवा नेमावर-खातेगावच्या माणसाने घाट चढून देवासला यावे, ही अपेक्षाच चूक आहे. प्राधिकरणाने ठरलेल्या दिवशी कुक्षीत, बागलीत, पिथमपूरच्या कामगारवस्तीत बसावे. ठाण्याच्या आवारात मात्र नको. धार जिल्ह्यात निम्म्याहून अधिक वस्ती आदिवासी आहे. भिली बोलणाऱ्याचे बयान हिंदीत लिहून त्याखाली अंगठा घेणे म्हणजे काय, हे मी वर सांगितलेच. बयान त्याच्या बोलीत ध्वनिमुद्रित व्हावे आणि लिहिलेले त्याला वाचून दाखवावे. निर्णयही जिल्ह्याच्या प्राधिकरणाचाच असावा. तपास सामायिक, निर्णय ज्याचा त्याचा.

हे कुठे घडले आहे का, असे आपण विचाराल. उत्तर आयर्लंडमध्ये घडले. तिथे पोलीस आणि निम्मा समाज यांच्यात उघड वैर होते. 1997 मध्ये मॉरिस हेझ यांनी अहवाल दिला, पुढच्या वर्षी कायदा झाला आणि 2000 मध्ये पोलीस लोकपालाचे कार्यालय उघडले. त्याचे तपासनीस त्याचे स्वतःचे. पोलिसांविरुद्धची तक्रार पोलिसांकडे तपासाला जातच नाही. तिथला पैसा आणि आपला पैसा यांची तुलना नको. पण कागदाची वाट बदलायला फार पैसा लागत नाही.

आता पोलिसांच्या बाजूने. माझा एक चुलतभाऊ पोलीस खात्यात होता, आणि आपल्यापैकी अनेकांच्या घरात कुणी ना कुणी आहे किंवा होते. चौदा-चौदा तासांची ड्यूटी, सण म्हटला की बंदोबस्त. त्यात एखाद्याने सूड म्हणून खोटी तक्रार टाकली तर ती वर्षानुवर्षे लोंबकळते आणि बढती अडते. तो भाऊ म्हणत असे, ‘साहेबांनी मला निर्दोष म्हटलं तर लोक म्हणतात, आपल्या माणसाला वाचवला. मग त्या निर्दोषचा मला काय उपयोग?’ बाहेरच्या तपासनिसाने ठरलेल्या मुदतीत दिलेला निर्वाळा हाच त्याच्या कामाचा होता. शिवाय सगळ्या तक्रारी सारख्या नसतात. शिपाई उर्मटपणे बोलला, फिर्याद घ्यायला टाळाटाळ केली, अशा तक्रारी ठाण्याच्या वरिष्ठानेच आठवड्यात निकाली काढाव्यात. त्यांचे ओझे पथकावर टाकले तर कोठडीतल्या मारहाणीला माणूस उरणार नाही. ही निवड कोणी करायची आणि तीत चूक झाली तर दाद कुठे मागायची, हे मात्र आधी लिहून ठेवावे लागेल. सगळ्यात जास्त गैरप्रकार निवडीच्या टेबलावर होतात, हे न्यायालयात आयुष्य काढलेल्या माणसाचे मत म्हणून घ्या.

एक अडचण मी लपवत नाही. देवास उज्जैन विभागात आहे, धार इंदूर विभागात. दोन आयुक्त, पोलिसांचे दोन महानिरीक्षक. सामायिक पथकाचा खर्च कोणी किती सोसायचा यावरून पुन्हा पाती पडतील आणि 1818 च्या त्या एकाच कारभाऱ्यासारखी गत होईल. यावर माझ्याकडे एकच तोड आहे: पैसा जिल्ह्यांकडून किंवा पोलीस खात्याकडून न येता राज्याच्या अंदाजपत्रकात प्राधिकरणाच्या स्वतःच्या शीर्षाखाली यावा, आणि दरवर्षी किती अर्ज आले, किती दिवसांत निकाली निघाले, किती शिफारशी मानल्या गेल्या, हे आकडे जिल्हावार छापले जावेत. आपल्या जुन्या दफ्तरांत सालअखेरची फेरिस्त असे, तशी.

व्याख्यानानंतर मला कुणी विचारले, की हे सगळे सरकारने करायचे. साहित्य सभेने काय करायचे? मी त्या पोचेचा एक मसुदा बरोबर आणला आहे. अर्ध्या पानाचा आहे. तुमचा क्रमांक हा. तुमची तक्रार अमुक तारखेला मिळाली. तिचा तपास तुमच्या जिल्ह्यात नोकरी न केलेला माणूस करील, त्याचे नाव हे. अमुक तारखेपर्यंत तुम्हाला लेखी उत्तर मिळेल, आणि तुम्हाला त्या ठाण्यात बोलावण्याचा अधिकार कोणालाही नाही. मराठी आणि हिंदी मी लिहिले आहे. माळवी बरी जमली आहे असे वाटते. निमाडी आणि भिली मला येत नाही. ज्यांना येते, त्यांनी आज जाण्यापूर्वी मला भेटावे. मी मागच्या टेबलापाशी आहे.